पर्यायांत उतरणे नव्हते

कमल,

तुझ्या तेराव्याला अण्णा बोलायला उभे राहिले, तेव्हा मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. अण्णा म्हणजे आपल्या दोघींच्या नवऱ्यांचे थोरले चुलतभाऊ, आणि गावच्या पाराचे कायमचे रहिवासी. माईक हातात घेऊन त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आमची कमल लय मर्यादेची सून. लगीन होऊन आली तवापासून पाराम्होरून कदी गाडीवर बसून गेली न्हाई. ताप असू द्या, पानी असू द्या, उतरली आन पायी चालली. आजकालच्या पोरींनी तिच्यापसून शिकावं."

माणसांनी माना डोलावल्या. कोणीतरी डोळे पुसले. मी तुझ्या फोटोकडे पाहिले. फोटोतही तुझ्या डोक्यावर पदर होता.

शोकसभेत वक्त्याला उलट उत्तर देण्याची पद्धत नाही. समोरचा बोलत असताना मध्ये बोलू नये, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवत आले; ते माझ्याच्याने मोडवले नाही. म्हणून उत्तर लेखी देते आहे. ते तुला उद्देशून आहे. परंतु अण्णांनीही ते ऐकावे अशी माझी इच्छा आहे, आणि त्यांना अक्षर दिसत नसल्यास कोणीतरी सावकाश, विरामचिन्हांसह वाचून दाखवावे.

तू कधी जन्मलीस, कशाने गेलीस, हे इथे लिहीत नाही. ते पत्रिकेत छापून झाले आहे. जे छापले गेले नाही, तेवढेच क्रमाने सांगते.

आधी रीत सांगते. तुला ती पाठ आहे. वाचणाऱ्या सर्वांना नसेल. ताडकळसकडून येणारा रस्ता आपल्या गावात शिरताना लिंबाच्या पाराला वळसा घालतो. पारावर वडीलधारी माणसे बसतात. गावच्या सुनेने वाहनात बसून त्यांच्यासमोरून जायचे नाही. अलीकडे हातपंपापाशी उतरायचे, पदर घ्यायचा, मान खाली घालून पार ओलांडायचा, आणि पलीकडे गिरणीपाशी पुन्हा बसायचे. तोवर नवरा गाडी हळूहळू पुढे नेऊन गिरणीपाशी वाट पाहतो. हा नियम बैलगाडीच्या काळातला. मोटारसायकल आली तसा तो मोटारसायकलीलाही लागू झाला. लेकींना मात्र तो नाही. लेक बसते, सून उतरते. मी याच गावच्या शाळेत शिक्षिका होते, अण्णांच्या नातवंडांना बाराखडी मीच शिकवली, आणि मीही हातपंपापाशी उतरत असे.

आता ज्या दिवसाचा हा हिशेब आहे, तो दिवस.

तुझे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले होते. परभणीच्या दवाखान्यातून तुला घरी आणत होतो. रिक्षात तू, मी आणि तुझे यजमान, मधुकरभाऊजी. ताडकळसच्या पुढे रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला तू माझे मनगट आवळत होतीस. हातपंप आला. भाऊजींनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितले.

"थोडं उतर कमल. अण्णा बसलेत."

रिक्षावाला परगावचा होता. तो म्हणाला, "राहू द्या की मालक, आजारी माणूस हाय."

"गिरनीपस्तोर तर चालायचंय," भाऊजी म्हणाले. "कितीसं हाय."

तू उतरलीस. एका हाताने पोट धरलेस, दुसऱ्या हाताने पदर. मीही उतरले आणि तुझा दंड धरला. पारासमोर आलो तेव्हा अण्णांनी पानाची पिचकारी बाजूला टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "शाबास. याला म्हन्तेत घरंदाज. दुखन्यात बी रीत सोडली न्हाई."

संध्याकाळी टाका उसवला. पातळ भिजले. पुन्हा दवाखान्यात न्यायचे ठरले, तेव्हा भाऊजींनी रिक्षा पारावरून नेली नाही. मागच्या पांदीने नेली. तुला पुन्हा उतरवण्याची त्यांची छाती झाली नाही, आणि बसून नेण्याचीही झाली नाही. म्हणून त्यांनी तिसरा मार्ग काढला, ज्यात बैलगाडीची चाकोरी आणि दगड होते. त्या पांदीतले धक्के मला अजून आठवतात. धक्के तुला बसले होते.

दवाखान्यात दुसऱ्यांदा टाके घातल्यावर तू मला जवळ बोलावलेस. तू मला कधी जाऊबाई म्हणाली नाहीस. सगळे गाव म्हणायचे तशी 'बाई'च म्हणायचीस.

"बाई, टाक्याचं मला काई न्हाई वाटत. त्या शाबासकीचं लय लागलं."

"विसरून जा," मी म्हणाले. तसे म्हणण्याची पद्धत आहे.

"कामून इसरू? मी ती वापस करनार हाय. त्याची त्याला. एक दिवस."

मला वाटले, तापात बोलते आहेस. नंतर कितीतरी वर्षे तू हा विषय काढला नाहीस. हातपंपापाशी उतरत राहिलीस. सुडाला इतका लांब पल्ला असू शकतो, हे मी तुझ्याकडून शिकले.

मग तुझी लेक रूपाली नर्स झाली, पूर्णेला नोकरीला लागली आणि तिने स्कूटी घेतली. पहिल्या दिवशी तुला मागे बसवून ती ताडकळसच्या बाजाराहून आली. हातपंपापाशी तू सवयीने तिच्या खांद्यावर थाप मारलीस. तिने गाडी थांबवली. तू उतरलीस. रूपाली गावची लेक, ती बसल्या बसल्या पारासमोरून गेली, हॉर्नसुद्धा वाजवून गेली, आणि अण्णा तिला म्हणाले, "हळू चालव बेटा." तिच्या मागून तू पायी आलीस, भाजीची पिशवी घेऊन. पोटची पोर बसलेली आणि तिची आई चालणारी. त्या दिवशी तू सरळ माझ्या ओसरीवर आलीस, पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "बाई, त्या लायसनच्या परीक्षेत काय काय इचारतेत?"

कमल, निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारत नव्हते. आईच्या जागी मानतो म्हणणारे माजी विद्यार्थी रस्त्यात नमस्कार करून पुढे जात. मुलांचे बाबा गेल्यावर घरात बोलायला भिंती होत्या. तू मला पुन्हा वर्ग दिलास. एका विद्यार्थिनीचा का असेना, वर्ग तो वर्ग. याचे आभार मी तुझ्या तोंडावर मानले नाहीत. तू हसली असतीस.

मी अभ्यासक्रम आखला. तू सातवीपर्यंत शिकलेली. वाचता येत होते, पण परीक्षा म्हटले की तू घाबरायचीस. म्हणून आधी चिन्हे घेतली. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, रंगवून मी ती तुझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवली. ज्वारीच्या डब्यावर 'प्रवेश बंद', तुरीच्या डाळीवर 'हॉर्न वाजवू नये', मिठावर 'पुढे वळण'. भाऊजींनी एकदा साखर मागितली तेव्हा तू आतून ओरडलीस, "अरुंद पुलाच्या डब्यात बगा."

नियम सोपा आहे. गोल पाटी आज्ञा करते. त्रिकोणी पाटी सावध करते. चौकोनी पाटी माहिती देते. हे मी तुला सांगितले, तेव्हा तू भाकरी थापता थापता थांबलीस.

"मंग पार गोल हाय की," तू म्हणालीस.

पाराजवळ कोणतीही पाटी नाही, कधीही नव्हती. तरीही आपल्या गावात सर्वांत कडक पाळली गेलेली आज्ञा तीच आहे. इतक्या वर्षांच्या अध्यापनात एखाद्या विद्यार्थ्याने इतके नेमके निरीक्षण नोंदवल्याचे मला आठवत नाही.

चिन्हे झाली आणि प्रश्न सुरू केले, तेव्हा तुझी ती चूक लक्षात आली. मी विचारी, "अरुंद पुलाजवळ आलात, समोरून दुसरे वाहन पुलावर चढते आहे. काय कराल?"

"उतरीन."

"मागून रुग्णवाहिका येत आहे."

"उतरून बाजूला हुईन."

"रस्त्यात जनावरांचा कळप आहे."

"उतरीन. हाकलीन."

"शाळेपाशी मुले रस्ता ओलांडत आहेत."

"उतरीन, दुसरं काय."

मी पुठ्ठा खाली ठेवला. "कमल, पर्याय ऐक आणि त्यांतून निवड. हॉर्न वाजवेन, वेग वाढवेन, थांबून वाट देईन. यात उतरणे कुठे आहे?"

"न्हाई का?"

"नाही."

"कोन्त्याच सवालात न्हाई?"

मी तुला खोटे कधी शिकवले नाही. म्हणून सांगितले, एका प्रश्नात आहे. फाटक नसलेले रेल्वेचे रूळ आले, तर वाहन बाजूला उभे करावे, उतरावे, रुळांपर्यंत चालत जावे, दोन्हीकडून गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मगच वाहन पलीकडे न्यावे. एवढ्या एकाच ठिकाणी उतरणे हे बरोबर उत्तर आहे.

तू पदराला हात पुसत म्हणालीस, "म्हंजी रेल्वेला उतरायचं. अण्णा काय रेल्वे हाय का?"

आणि हसू लागलीस. मलाही आवरेना. आपण दोघी चुलीपाशी बसून इतक्या हसलो की भाऊजी दारात येऊन पाहून गेले. हसणे ओसरल्यावर तू एकदम गंभीर झालीस. "बाई, सरकारनं तर बाईला उतराया कुटंच सांगितलं न्हाई. मंग मी कुनाचं ऐकून उतरायले इतके दिस?"

याचे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हते.

भाऊजींना आपला बेत कळला तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते. ते काळजीने म्हणाले, "शीक की. पर मानसं काय म्हनतील याचा बी इचार कर. अन् परीक्षेचं टेन्शन कशाला, बाजारात तो एजंट हाय. मोबाईलवर आलेला नंबर त्याला सांगायचा, बाकी परीक्षा तोच देतो. घरबसल्या लायसन."

तू त्यांच्या ताटात भाकरी वाढलीस आणि विचारलेस, "परीक्षा त्यानं द्यायची, मंग पाराम्होरून बी त्यालाच धाडू का?"

भाऊजींनी भाकरी मोडली.

चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते आपण दोघींनी मिळून घेतले. दोघींनी, कारण तुझी अट होती. "मी एकटी न्हाई जानार. तुमी बी फारम भरा. मास्तरीन नापास झाली तर मला तेवढीच मज्जा." परभणीच्या कार्यालयात आपल्या दोघींच्या परीक्षेला एकच दिवस मिळाला. परवाना हाती येईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढायची नाही, हे मी बजावले होते, आणि तू ते पाळलेस. तुमच्या शेतातल्या गाडीवाटेवर, कापसाच्या दोन फडांमधून तू स्कूटी चालवायला शिकलीस. मी बांधावर छत्री धरून उभी राहायची. पहिल्यांदा दोन्ही पाय वर घेतलेस तेव्हा तू बैलाला म्हणतात तशी "हो, हो" म्हणत होतीस, आणि गाडी थांबेना म्हणून माझ्यावर रागावलीस.

आपले एक भांडण मात्र मिटले नाही. ते इथे मांडते, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

मी म्हणत होते, पारासमोरून जाताना नजर रस्त्यावर हवी. चालकाने बाजूला पाहू नये. जे करायचे ते बसून जाण्यात आहे. त्याहून अधिक काही करण्याची आवश्यकता नाही. तू म्हणत होतीस, "मंग काय मज्जा? मी बघनार. त्याच्या डोळ्यात डोळा घालून बघनार. त्यानं बघितलं पायजे की मी बघायले."

"आणि गाडी हातपंपावर गेली तर?"

"जाऊ द्या. हातपंपाचं बी देनं हाय."

"नियम नियम असतो, कमल."

"बाई, तुमाला राग कदी येतच न्हाई का?"

मी म्हणाले, राग येतो, परंतु तो आवरता येतो. तू माझ्याकडे असे पाहिलेस की मी जणू प्रश्नच न वाचता उत्तर लिहिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी तू म्हणालीस, "त्या दिवशी बघू." तो दिवस आला नाही. परीक्षेच्या आधी तुला ताप चढला.

तुझी तिरडी निघाली तेव्हा ती पारावरूनच निघाली. पारापाशी विसाव्याला खाली ठेवली. अण्णा काठी टेकत उठून उभे राहिले. बायकांत कुजबुज झाली, बघा, कमलसाठी अण्णा उठले. मी ते समाधान म्हणून स्वीकारत नाही. तुला नेले गेले. तू गेली नाहीस. शिवाय तिथेही तुला खाली ठेवलेच.

आणि मग तेराव्याचे भाषण. एवढ्यावरही थांबले नाहीत. तुझा मोठा फ्लेक्स करून अण्णांनी पाराच्या लिंबाला बांधला. तुझा फोटो, आणि खाली 'मर्यादेची मूर्ती'. जी शाबासकी तू परत करणार होतीस, ती त्यांनी तुझ्या नावाखाली कायमची छापून टाकली.

त्या दिवशी मला राग आला, कमल. आवरता येण्यासारखा नव्हता, आणि मी तो आवरण्याचा प्रयत्नही केला नाही. रूपालीने विचारले, "काकू, फ्लेक्स काढून टाकू का?" मी नको म्हणाले. त्या पारावर आजवर एकही बाई बसलेली नाही. अण्णांनी स्वतःच्या हाताने तुला तिथे चढवले आहे, तेही स्वतःच्या डोक्याच्या वर. असू दे. साक्षीदार लागेल.

परीक्षेच्या दिवशी मी परभणीला एकटी गेले. माझ्या शेजारच्या संगणकासमोर कॉलेजचा एक मुलगा बसला. ती जागा तुझी, असे मी मनात त्याला बजावले. प्रश्न सोपे होते. अरुंद पूल आला, रुग्णवाहिका आली. प्रत्येक प्रश्नाला तुझा आवाज आधी ऐकू यायचा, "उतरीन", आणि मग मी बरोबर पर्याय दाबायची. शेवटी शेवटी फाटक नसलेले रूळ आले. तो एक प्रश्न तुझा हक्काचा होता. तिथे तू कधी चुकली नाहीस. पडदा धूसर झाला आणि मोजलेला वेळ संपत आला, तेव्हा मी घाईने उत्तर दाबले. उत्तीर्ण झाले. मास्तरीण नापास झाल्याची मजा तुला मिळाली नाही, एवढेच.

शिकाऊ परवाना घेऊन मी थेट तुझ्या घरी गेले. मधुकरभाऊजी अंगणात तुझी स्कूटी पुसत होते. ती आता तुझीच म्हणायची. रूपालीने तुझ्यासाठी ठेवली होती. मी किल्ली मागितली.

"बाई, या वयात कशाला?" ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "अण्णा काय म्हनतील?"

"तेच ऐकायला जायचं आहे."

त्यांनी किल्ली दिली. मी वळले तेव्हा मागून म्हणाले, "शिकाऊवाल्याच्या मागं लायसनवाला मानूस लागतो म्हन्तेत. माझ्याकडं हाय. मी बसू का मागं? कमलसाठी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, कमल. ते खरे होते, याबद्दल मला शंका नाही. तरी मी म्हणाले, "नको भाऊजी. रूपाली बसेल. तुम्ही हातपंपापाशी म्हणाल, थोडं उतरा, अण्णा बसलेत."

ते ओट्यावर बसले आणि हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मी त्यांना बरे वाटेल असे काही बोलले नाही. बोलण्यासारखे होते, मी ते ठेवून घेतले.

शाळेच्या मैदानावर रूपालीने मला सराव दिला. अध्यापक विद्यालयात असताना मी सायकल चालवली होती. तोल अंगात शिल्लक होता. ब्रेक, आरसा, इशारा, पुन्हा ब्रेक. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'L' लावला. हात बसल्यावर बाजाराचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी दुपारनंतर पार भरलेला असतो.

ताडकळसहून परत निघालो. रूपाली मागे, पिशव्या पायापाशी. हातपंप आला. माझा डावा हात आपोआप ब्रेकवर गेला. रूपाली मागून हळूच म्हणाली, "काकू, चला." मी हात सैल केला. हातपंप मागे पडला.

आपल्या वादात माझी बाजू मला पाळायची होती. नजर रस्त्यावर ठेवली. पार डाव्या हाताला दिसू लागला, तुझा फ्लेक्सही. पारावरचे बोलणे थांबले, एवढे कळले. तेवढ्यात समोर कोणीतरी रस्त्यावर उतरले. अण्णाच होते. घरी निघाले होते की मला अडवायला उतरले होते, ते मी आजही सांगू शकत नाही. काठी टेकत ते रस्त्याच्या मधोमध आले आणि उभे राहिले.

मी गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीला टेकवले. सीटवर बसलेली राहिले.

"बाई," अण्णा म्हणाले, "पार आला."

"हो अण्णा. दिसला."

"मंग उतरा की. तुमी तर शिकलेल्या. तुमाला काय सांगायचं."

"उतरायचं फक्त फाटक नसलेल्या रेल्वेला. परीक्षेत तसंच आहे." माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, पारावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला असावा. "तुम्ही आधी जा अण्णा. चालणाऱ्याचा हक्क पहिला. मी थांबते."

पारावरून कोणीतरी हसले. कोण, ते मी पाहिले नाही, कारण मी अण्णांकडे पाहत होते. कमल, गाडी थांबलेली असताना चालकाने कुठे पाहावे, याला कोणतीही मनाई नाही. हा पर्याय आपल्या दोघींच्याही लक्षात आला नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले, आणि पाहत राहिले. प्रथम त्यांनी माझ्यामागे बसलेल्या रूपालीकडे नजर वळवली, मग 'L'कडे, मग जमिनीकडे.

दोनच वाटा होत्या. परत पारावर जायचे, किंवा पुढे चालत रस्ता ओलांडायचा. ते पुढे निघाले. त्यांचे गुडघे दुखतात, हे गावाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. एक पाऊल, काठी, दुसरे पाऊल. सून बसलेली, आणि तिच्यासमोरून मान खाली घालून ते चालत होते, भरलेल्या पारादेखत. हात धरायला कोणी उठले नाही. मी हॉर्न वाजवला नाही, गाडी तसूभर पुढे सरकवली नाही. त्यांना जेवढा वेळ लागत होता तेवढा मी पूर्ण लागू दिला. गिरणीपर्यंत तू किती वेळ चालली होतीस, ते मला आठवत होते.

ते पलीकडे पोचले, तेव्हा मी म्हणाले, "शाबास, अण्णा."

एवढेच. वापस केली, कमल. तुझ्याच शब्दात सांगायचे तर, त्याची त्याला.

तुला वाटेल, बाईंचे मन आता हलके झाले असेल. तसे झालेले नाही, आणि तसे लिहून तुला फसवणार नाही. हे तू करायचे होते. मी पाहिले, पण त्या डोळ्यांनी तुझे डोळे पाहायला हवे होते. टाका उसवलेल्या त्या संध्याकाळी तू रडली होतीस का, हे मी तुला कधीच विचारले नाही, आणि आता विचारायला उशीर झाला आहे. म्हणून मी पुढच्या बाजारालाही जाणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही. रूपालीच्या दोन मैत्रिणी, दोघीही गावच्या सुना, काल वही-पेन घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. डब्यांवरचे पुठ्ठे मी तुझ्या घरून आणून ठेवले आहेत. पहिला प्रश्न अरुंद पुलाचा विचारला. दोघीही एका सुरात म्हणाल्या, "उतरू."

मी पुठ्ठा खाली ठेवला आणि पर्याय वाचून दाखवायला सुरुवात केली.

त्या दिवशीचे एक सांगायचे राहिले. अण्णा पलीकडे गेल्यावर मी आरसा पाहिला, इशारा दिला आणि निघाले. गिरणी आली, तिथे कोणी वाट पाहत नव्हते, तिथे थांबण्याचे कारण नव्हते. पुढे वळून तुझ्या अंगणात गाडी नेली, स्टँड लावला, आणि तुझ्या उंबऱ्यासमोर मी उतरले. मला कोणी सांगितले नव्हते.